मोहरीचा ठेका

सरफराजनं बापूदाच्या डोळ्यांवर आपला रुमाल बांधला, दोनदा गाठ मारली आणि नाकासमोर बोटं नाचवून बघितली.

"दिसतंय काय, बापूदा?"

"दिसत काय नाही. वास तेवढा येतोय. धुतलेलास काय कधी हा?"

माळ्यावर हशा पिकला. बापूदा मात्र हसला नाही. खुर्चीत ताठ बसून त्यानं मिशीवरून एकदा हात फिरवला. आज ती मिशी पणाला लागली होती.

कोल्हापुरात वेड लागायचं तर कुस्तीचं लागावं, नाहीतर फुटबॉलचं. आम्हां दहाबारा जणांना लागलं होतं हिप-हॉपचं. त्यामुळं गल्लीत आम्हांला कुणी विचारत नव्हतं आणि घरात आम्ही विषय काढत नव्हतो. बापूदाचं गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान होतं. रविवारी दुपारी ते बंद असायचं, आणि वरचा माळा आमचा व्हायचा. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मध्ये बापूदानं स्वतः जुळवलेले दोन मोठे स्पीकर, आणि त्यांच्यासमोर आमची रणधुमाळी. जुनं भारी का नवं भारी, एवढ्या एका प्रश्नावर आम्ही तीन वर्षं भांडत होतो.

जुन्यांचा म्होरक्या बापूदा. खरं नाव धैर्यशील घोरपडे, पण त्याच्या आईखेरीज ते कुणाच्या लक्षात नव्हतं. त्याचं म्हणणं एकच होतं. "अठ्ठ्याण्णवला हिप-हॉप गेलं. आता चाललंय ते तेराव्याचं जेवण." नव्या गाण्यातलं यंत्रातून काढलेलं गळ्याचं वळण ऐकलं की तो कान झाकून घ्यायचा. "चूळ भरून कोण गातं काय रे? आधी थुंक म्हणावं, मग बोल."

"आणि तुमची जुनी गाणी?" सरफराज उसळायचा. तो नव्यांचा वकील. "एकच ठोका सुरुवातीपासनं शेवटपतोर. मधी झोप काढून उठलं तरी तिथंच असतंय!"

मी नव्यांच्या बाजूनं होते. राजनंदिनी साळोखे, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, माळ्यावरची एकुलती एक मुलगी. आईला सांगून यायचे, वडिलांना न सांगता.

त्या वर्षी भांडणाला धार आली ती आमच्या पेठेतल्या मंडळाच्या वर्धापनदिनामुळं. कार्यक्रमात आमच्या वाट्याला पंधरा मिनिटं यायची, आणि दरवर्षी ती बापूदा घ्यायचा. सिस्टीम त्याची, शब्द त्याचा. अमेरिकेतली जुनी गाणी लागायची, चार पोरं त्यावर गिरक्या घ्यायची आणि पेठ तोवर भेळ खाऊन यायची. यंदा सरफराजनं बंड केलं. "यंदा पंधरा मिनिटं आमची. नवीन वाजणार."

बापूदा शांतपणे म्हणाला, "दहा गाणी लाव. डोळं बांधून ऐकतो आणि जुनं का नवं ते सांगतो. एक जरी चुकलं, तर पंधरा मिनिटं तुमची. वर ही मिशी बी तुमची."

म्हणून तो रुमाल. डोळे बांधायचं कारण एवढंच, की फोनच्या पडद्यावर गाण्याचं नाव दिसू नये.

गाणी निवडून लावायचं काम माझ्याकडं होतं. पण कुणालाच माहीत नव्हतं ते हे, की दहावं गाणं माझं होतं.

माझं म्हणजे मी केलेलं. संगणक भावाचा, तोही हप्त्याला दोनदा बंद पडणारा. बाकी सगळं आमच्या स्वयंपाकघरातलं. मोठा ठोका हवा होता, म्हणून रिकाम्या सिलिंडरवर चप्पल मारून तो घेतला. बारीक ठेक्याला खलबत्ता. आणि वर सगळ्यांत महत्त्वाची ती चरचर. बापूदा गाणं दोन क्षणांत तोलायचा, हे मी बघून ठेवलं होतं. सुरुवातीला जुन्या तबकडीची ती धुळीची चरचर आली, की त्याचा चेहरा सैल पडायचा. पुढचं तो मायेनं ऐकायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी तबकडी बघितली नव्हती. पण एका सकाळी आई आमटीला फोडणी देत होती, मोहरी तडतडली, आणि मी हातातलं पुस्तक टाकून उठले.

"आई, परत कर!"

"काय परत कर?"

"मोहरी टाक परत. मी फोन धरतो."

आमच्याकडं पोरीसुद्धा 'आलो, गेलो, धरतो' म्हणतात. पुढं पुण्यात गेल्यावर त्याला सगळे हसले, ते निराळं. आईनं त्या दिवशी पाच वेळा फोडणी केली. वडील ठसक्यानं बेजार होऊन बाहेर जाऊन बसले. "पोरगीला कसला कोर्स लावलाय?" असं त्यांनी शेजाऱ्याला विचारल्याचं नंतर कळलं.

आता मी हे चोरून का लावत होते? मला पंधरा मिनिटांची पडली नव्हती, मिशीची तर नाहीच. मला एकाच माणसाचा कान हवा होता. सरफराज आणि मंडळी माझ्या कशालाही 'विषय हार्ड' म्हणाली असती, मैत्रीखातर. बापूदानं ते नवं म्हणून ऐकलंच नसतं, नाहीतर माझं म्हणून तो गोड बोलला असता. त्याला ठाऊक नसताना तो काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं. मनाशी ठरवूनच टाकलं होतं मी. त्यानं 'कचरा' म्हटलं, तर संगणक भावाला परत आणि आपण बरं नि आपलं बी.कॉम. बरं.

पहिली नऊ गाणी बापूदानं पटापट ओळखली. "जुनं. नवं. नवं, आणि वाईट. जुनं, पण घाईत केलेलं." जुन्यांच्या बाजूचा अवधूत प्रत्येक उत्तराला मांडीवर थाप मारत होता. सरफराजचा चेहरा उतरत चालला होता. मी दहावं गाणं लावलं तेव्हा माझा अंगठा घामानं पडद्यावरून घसरला.

चर्र... तड तड... चर्र...

बापूदानं हात वर केला. "गप बसा सगळी."

सिलिंडरचा ठोका पडला. स्पीकर इतके चांगले होते, की मलाच ओळखू येईना हे आपलं म्हणून.

"धूळ ऐका, धूळ," बापूदा कुजबुजला. "तबकडी हाय ही. हे आता कुणाला जमणार? न्यूयॉर्क. त्र्याण्णव साल. लई तर चौऱ्याण्णव. आणि हा ठोका... लाकडाच्या पेटीवर मारलाय. असली माणसं संपली, पोरांनो."

"जुनं म्हणताय?" सरफराजनं मरगळलेल्या आवाजात विचारलं.

"जुनं काय विचारतोस? माझ्याकडं कॅसेट हाय ह्याची! खालच्या कपाटात."

मला उडी मारावीशी वाटली. कॅसेट आहे म्हणे! पण ते जाऊ दे. 'असली माणसं संपली' हे तो माझ्याबद्दल म्हणाला होता. मला बास होतं. आता माझा आवाज यायच्या आत गाणं बंद करावं, म्हणून मी फोनकडं हात नेला.

तेवढ्यात स्पीकरमधून, दोन्ही बाजूंनी, स्वच्छ, ठणठणीत आवाजात माझी आई म्हणाली:

"नंदे, झालं काय गं तुझं? टाकू काय कांदा? मोहरी जळाली बघ!"

झालं होतं असं, की त्याच सकाळी मला सुरुवात थोडी लांबवावीशी वाटली होती. घाईघाईत चरचरीचा आणखी एक तुकडा जोडला, तो न कापताच जोडला. पूर्ण ऐकून बघायला वेळ नव्हता.

माळ्यावर सगळ्यांच्या माना स्पीकरकडं वळल्या. मग अवधूत, बापूदाचा उजवा हात, भाबडेपणानं म्हणाला, "न्यूयॉर्कमधी कांदा?"

आणि सगळे कोसळले. सरफराज जमिनीवर लोळायला लागला. कुणी कुणाच्या पाठीत गुद्दे मारत होतं, कुणी भिंतीवरचे अंड्यांचे ट्रे बडवत होतं. "वस्तरा आणा! वस्तरा!" असा ओरडा सुरू झाला. गाणं चालूच होतं, आणि त्या गोंधळात माझा आवाज सुरू झाला.

गल्ली माझी, कट्टा तुमचा, माझ्या वाट्याला खिडकी,
तुमची गाडी धडाधडा, माझी सायकल सडकी.
तुम्ही भांडा जुनं-नवं, लावा कुठलंबी गाणं,
माझ्या घरी ठेका धरत्यात खलबत्त्यातलं दाणं.

दुसऱ्या ओळीला हसणं कमी झालं. चौथ्या ओळीला थांबलं. बापूदानं रुमाल काढला नव्हता. तो तसाच, डोळे बांधलेला, पुढं वाकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मध्ये एक लांब तुकडा नुसत्या ठेक्याचा होता. मला तिथं शब्द सुचले नव्हते, म्हणून तसाच ठेवलेला. तिथं त्याचं बोट गुडघ्यावर हलताना मी बघितलं. गाणं संपल्यावर त्यानं रुमाल सोडला, घडी घालून सरफराजच्या हातात दिला आणि शिडी उतरून खाली गेला.

"चिडला वाटतं," अवधूत म्हणाला.

सरफराज मला खांद्यावर घ्यायच्या बेतात होता. "नंदे, लेका! पंधरा मिनिटं आपली!"

मला काही गोड लागेना. मी शिडीवरून उतरले.

खाली शटर अर्धं ओढलेलं होतं. कुणाची तरी जीप काम अर्धवट टाकून उभी होती, आणि बापूदा तिच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता. मी दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसले.

"बापूदा, तुम्हांला खाली बघायला लावायचं नव्हतं मला. आईचं बोलणं कापायचं ऱ्हायलं."

तो समोरच्या काचेतून अर्ध्या शटरकडं बघत होता.

"मोहरी?" त्यानं विचारलं.

"होय."

"आणि ती लाकडाची पेटी?"

"सिलिंडर. रिकामा. चप्पलनं मारलोय."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय की काय. पण तो हसत होता. हसता हसता कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न असा काही वाजला, की वर माळ्यावर एकदम शांतता पसरली. त्यांना वाटलं, बापूदा मला झापतोय.

"चप्पलनं!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि मी म्हणतोय कॅसेट हाय माझ्याकडं. नंदे, लई भारी केलंयस गं. ते कांद्याचं सोड, आधीचं बी भारी, नंतरचं तर लईच."

मला एवढा आनंद झाला, की काय बोलावं कळेना. म्हणून नको ते विचारलं. "मग नवीन काय ऐकत का नाही तुम्ही? खरं सांगा."

मिशीचं टोक बापूदानं दोनदा पिळलं.

"नव्व्याण्णव साल. हाच वर्धापनदिन, हेच स्टेज. मी वीस वर्षांचा, गॅरेजात कामाला. स्वतःचं लिहून चढलो होतो. आपल्या बोलीत. चार ओळी झाल्या आणि आण्णांनी माईक बंद केला."

आण्णा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. तेव्हाही तेच होते आणि आताही.

"का?"

"म्हणाले, लेका, गातोयस का भाजी विकतोयस? सगळी पेठ हसली. मी बी हसलो. हसत हसत खाली उतरलो. दुसऱ्या दिवसापासनं सांगायला लागलो, की हे आपलं कामच न्हवं. हे तिकडचं, आणि तिकडचं बी होऊन गेलं सगळं. एकदा होऊन गेलं म्हटलं, की आपल्याला काय करायला लागत नाही बघ. नवं चांगलं हाय म्हटलो असतो, तर रोज सकाळी उठून स्वतःला विचारायला लागलं असतं, मी का थांबलो?"

एवढं भांडलो आम्ही तीन वर्षं, ठेक्यावरून, शब्दांवरून, सालांवरून. आणि मुद्दा हा होता.

"वहिनींना माहिती हाय?"

"कुणालाच नाही. तिच्याशी लग्न झालं दोन हजार पाचला. तोवर मी ह्या विषयातला मोठा माणूस झालेलो."

"म्हणा की त्या चार ओळी."

"विसरलोय."

"बापूदा."

त्यानं स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. माझा ठेका, मोहरीचा. आणि पुटपुटल्यासारखं म्हणाला:

पाना हातात, ग्रीस नखात, डोक्यात फिरती कॅसेट,
आई म्हणत्या, पोरगं माझं कुणी केलं अपसेट?
न्यूयॉर्क लांब, पासपोर्ट न्हाई, एस्टीपुरतं भाडं,
ठोका पडला की छातीवर उघडत्यात सगळी कवाडं.

"पुढं?"

"पुढचं कुणी ऐकलंच नाही. तेव्हा ते जाऊ दे."

"पंधरा मिनिटं आता आमची हायत न्हवं?" मी म्हणाले. "माझ्या गाण्यात मधी जागा रिकामी हाय. ती तुम्हांला दिली. आणि नाही म्हणायचं नाही, तुम्ही हरलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आरशात स्वतःच्या मिशीकडं. "हिच्याशिवाय चढायचं स्टेजवर?"

"हिच्याशिवाय."

शब्दाचा पक्का माणूस. त्याच संध्याकाळी जाऊन उतरवून आला. सुषमावहिनींनी दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" विचारलं, हे त्यांनीच नंतर आम्हांला हसून हसून सांगितलं. पैज हरलो एवढंच त्यानं त्यांना सांगितलं होतं. बाकी मला शपथ घातली होती.

वर्धापनदिनाला मी आईचा आवाज कापून आणणार होते. बापूदा खवळला. "त्या कांद्याला हात लावायचा नाही!"

रस्ता अडवून मांडव घातलेला, पुढं खुर्च्या, एका बाजूला सगळ्या बायका. आई दुसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून. तिला काहीच ठाऊक नव्हतं. वडीलही आले होते, आणि मुलगी स्टेजवर चढलीय म्हटल्यावर भाषण असेल या समजुतीनं खुशीत बसले होते. मधोमध सोफ्यावर आण्णा, आता थकलेले, कानाला यंत्र लावलेले.

मी माईक हातात घेतला. शेजारी बापूदा उभा होता आणि पेठेत कुजबुज चालली होती, हा कोण नवीन माणूस? सरफराजनं बटण दाबलं.

चर्र... तड तड... चर्र...

बायकांच्या बाजूला माना वळल्या. त्यांना काय ते लगेच कळलं. ठोका पडला, आणि मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून आई म्हणाली, "नंदे, झालं काय गं तुझं? टाकू काय कांदा?"

मग बायकांतून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "टाका की!"

सगळा मांडव फुटला. आईनं पदर तोंडावर घेतला तो काढेचना, पण पदराआड ती गदगदून हसत होती. वडील उभे राहून मागच्या लोकांना सांगायला लागले, "आमच्या घरातला आवाज हाय हा! माझ्यादेखत केलंय!" सरफराजनं तो तुकडा पुन्हा वाजवला. या वेळी अख्खी पेठ एका सुरात म्हणाली, "टाका की!"

त्या लाटेवर मी माझ्या ओळी म्हणाले. 'माझ्या वाट्याला खिडकी' आलं तेव्हा वरच्या खिडक्यांतून पोरी हात हलवायला लागल्या. मी एवढी खूश कधीच झाले नव्हते. मग रिकामा तुकडा आला, आणि मी माईक बापूदाकडं दिला.

त्यानं डोळे मिटले. पाना हातात, ग्रीस नखात. आवाज भरदार निघाला. 'कुणी केलं अपसेट'ला पोरं हसली, पण ते हसणं त्याच्या बाजूचं होतं. न्यूयॉर्क, पासपोर्ट, एस्टी. छातीवरचा ठोका, उघडणारी कवाडं. चार ओळी झाल्या.

आणि तो थांबला.

विसरला नव्हता. मला शेजारून दिसत होतं. इथंच माईक बंद झाला होता, आणि पंधरा वर्षं तो इथंच उभा होता. डोळे उघडून तो समोरच्या सोफ्याकडं बघत होता. आण्णांना त्यातलं काही आठवत नसावं. ते मान डोलावत, ठेका चुकवत टाळ्या वाजवत होते. मोहरी तडतडत होती, सिलिंडर वाजत होता, रिकामी जागा संपत आली होती. मी सरफराजला खूण केली, तुकडा फिरवत राहा म्हणून. माझ्या गाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे, असं मला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात बायकांतून सुषमावहिनी उठल्या. एरवी चारचौघांत नवऱ्याशी मोठ्यानं न बोलणारी बाई. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की आण्णांनी कानातलं यंत्र चाचपलं.

"अहो, थांबलाय काय? म्हणा की पुढं! माईक चालू हाय!"

माईकचं मी शपथेप्रमाणं कुणाला बोलले नव्हते; पेठेनं वहिनींना ते कधीच सांगितलं असणार. बापूदा वहिनींकडं बघत राहिला. मग बोडक्या ओठावरून त्यानं हात फिरवला, हसला, आणि माईक तोंडाशी नेला.

"उघडलंय तर आत घ्या की, मी न्हाई कुणी पाहुणा!"

ही ओळ पेठेनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पुढच्या तीन ओळी मात्र मलाही ऐकू आल्या नाहीत, टाळ्याच तेवढ्या होत्या.